बर्फावर चालतील असे बूट

दुकानात आल्या की मॅडम बूट पायात चढवायच्या, नाडी करकचून बांधायच्या आणि माझ्या काउंटरला लाथ मारायच्या. हळू नाही, चांगली सणसणीत. वर ठेवलेला पॉलिशचा डबा खाली पडायचा. मग त्या डोळे मिटून आतल्या आत बोटं हलवून बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "टाच उचलते, भाई."

"मॅडम, माणसाची टाच हाये, चालताना उचलनच ना!"

"टाचेसंगं बुटानं बी वर यावं ना. बूट खालीच बसून राह्यते अन् टाच एकटी वर येते. नाई जमत."

बूट काढून त्या खोक्यात नीट ठेवायच्या, वरचा पातळ कागद होता तसा घडी घालायच्या, आणि मी पुढचा जोड काढायला शिडीवर चढायचो. हे असं दोनेक वर्षं चाललं. शिडी चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले, पण मॅडमची टाच काही कोणत्या बुटात बसली नाही.

बुलढाण्यातलं आमचं चपला-बुटांचं दुकान अब्बांनी टाकलेलं. शाळेचे काळे बूट, लग्नातल्या मोजड्या, पावसाळी चपला, शेतावरचे गमबूट, सगळं मिळतं. मॅडम इथल्याच एका शाळेत पी.टी. शिकवायच्या. खो-खोच्या पोरींसाठी कॅनव्हासचे बूट घ्यायला पहिल्यांदा आल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. बाकीचे मास्तर लोक नंबर सांगतात, गठ्ठा उचलतात आणि जातात. या बाईनं एकेका पोरीला बूट घालून दुकानाच्या पायरीवरून उड्या मारायला लावल्या. रस्त्यावर बघे जमले. एक पोरगी "बरोबर हाये मॅडम" म्हणाली तर तिच्यावर खेकसल्या, "बरोबर हाये म्हनजे काय? लाजून नको सांगू. पाय तुहा हाये, भाईचा नाई."

त्या आमच्याकडे यायच्या शनिवारी दुपारी. शनिवारी शाळा सकाळची, आणि शनिवारी आमच्या धंद्यात माशा मारायच्या असतात, कारण आपल्याकडे लोक शनिवारी पायात नवं काही घालत नाहीत. शनी मागं लागतो म्हणतात. एकदा मी गमतीनं विचारलं, "मॅडम, तुमाले शनीचं भेव नाई वाटत?"

"आमच्या घरी बाबासाहेबाचा फोटो हाये, भाई. शनी दारातूनच वापस जाते," म्हणाल्या, आणि काउंटरला लाथ घातली.

प्लास्टिकच्या बुटांचं प्रकरण असंच एका शनिवारी सुरू झालं. आल्या आणि म्हणाल्या, "भाई, मले प्लास्टिकचे बूट पायजे." एवढंच ना, मला बरं वाटलं. मी पावसाळ्यातले पारदर्शक प्लास्टिकचे बूट काढून पुढं ठेवले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मोबाइलमधला फोटो दाखवला. या अल्ला! जांभळ्या रंगाचं ते धूड पाहून मला वाटलं आग विझवणाऱ्यांचं काही सामान असावं. बाहेरून टणक प्लास्टिकचं कवच, आत दाबलेल्या लोकरीचा दुसरा, मऊ बूट, आणि खाली असा सोल की दोन माणसांनी धरून वाकवला तरी वाकणार नाही.

"हे घालून काय कराचं?"

"बर्फ चढाचा."

"बुलढाण्यात?"

"बुलढाण्यात काऊन? वर. हिमालयात."

मग सगळं बाहेर आलं. मॅडमनी तरुणपणी गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलं होतं. मग आईचं दुखणं, नोकरी, आईचं जाणं, लोणारजवळच्या बीबी गावात एकटे राहिलेले वडील, यात वर्षं निघून गेली. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्या नागपूरच्या एका गटात सामील झाल्या होत्या. हा गट दर जानेवारीत हिमालयात जाऊन गोठलेला धबधबा चढतो. धबधबा गोठतो हेच मला नवीन. इकडं आमच्याकडे घाट उतरून नांदुऱ्याकडे गेलं की डिसेंबरातही दुपारी शर्टाचं वरचं बटण उघडावं लागतं.

आदल्या वर्षी त्या गेल्या होत्या. पायात चामड्याचे बूट होते. चामडं भिजलं, रात्री गोठलं, सकाळी उजव्या पायाची दोन बोटं बधिर झाली. बाकीचे दोर बांधून वर गेले आणि मॅडम खाली तंबूत गरम पाण्यात पाय घालून बसल्या. नख काळं पडलं होतं, ते त्यांनी मला मोजा काढून दाखवलं. मी म्हटलं, झाकून ठेवा मॅडम, गिऱ्हाईक येईल.

"पुढाऱ्यानं सांगतलं," त्या म्हणाल्या. गटाच्या म्होरक्याला त्या पुढारी म्हणायच्या. "ताई, आणखी एक डाव घेऊन जातो तुमाले. पायाची तक्रार पुन्हा आली तं मग नाई. दुसऱ्याच्या जिवाची बी जबाबदारी असते म्हने माह्यावर."

तर असा एक डाव शिल्लक होता, आणि तो सगळा बुटांवर होता. तुम्हीच सांगा, अशा बाईला मी काय विकणार होतो? शाळेचे काळे बूट?

माझं म्हणणं सरळ होतं. बर्फाचे बूट बर्फासाठी घ्या, डोंगर फिरायला वेगळे घ्या. मॅडमना एकच जोड हवा होता. वर्षभर सह्याद्रीत, साताऱ्या-नाशकाकडं पाठीला पोतं लावून फिरता यावं, आणि जानेवारीत त्याच बुटांनी बर्फ चढता यावा. मी म्हटलं, "मॅडम, मोजडी घालून कोनी नांगरते का? अन् गमबूट घालून वरातीत नाचते का?"

"मले सवय पायजे, भाई. जे वर घालाचं ते इथं घालून हिंडलं पायजे. वर्षातून एक डाव बाहेर काढलेला बूट पायाले वळखत नाई."

हे पटत होतं आणि पटत नव्हतं. चामड्याचा बूट माणसाच्या पायाला शिकतो. प्लास्टिक कधीच शिकत नाही, घेताना जसं असतं तसंच राहतं. म्हणून ते पहिल्याच दिवशी पायाला नेमकं बसायला हवं. आणि मॅडमचा पाय! लहानपण सगळं अनवाणी शेतात गेलेलं, त्यामुळे पंजा पसरट, अगदी सहा नंबरचा, आणि टाच अशी चिंचोळी की चार नंबरचा बूटही सैल. पुढून बसवला तर मागून निघतो, मागून बसवला तर पुढं बोटं चेंगरतात. अशा पायासाठी जगात कोणी बूट करत नाही. करणाऱ्यांनी एक गोरा, उंच, अरुंद पायाचा बाप्या समोर बसवला असणार आणि त्याच्या मापानं सगळ्या दुनियेला कवचं ओतली असणार. मी त्या कंपन्यांना काय शिव्या घातल्या असतील! दुकानात एकटा असताना मोठ्यानं घालायचो.

मोबाइलवरून मागवलेले जोड माझ्या दुकानाच्या पत्त्यावर यायचे, कारण मॅडम दिवसभर मैदानावर. खोकं यायचं, शनिवारी उघडायचं, काउंटरला लाथ बसायची. "टाच उचलते." परत चिकटपट्टी, परत पाठवणी. खोकं न्यायला येणारा माणूस मला म्हणाला, "भाई, तुमी काई ठेवून बी घेता का कधी?"

मधला एक जानेवारी असाच गेला, आणि शेवटी एकदा जुळलं. पुण्याच्या कोणा बाईनं आपला जुना जोड विकायला काढला होता. तोच जांभळा रंग. तिचा पाय कसा होता कोण जाणे, पण मॅडमनी बूट चढवले, पट्टे आवळले, लाथ मारली, डोळे मिटले, आणि आतल्या आत बोटं हलवत राहिल्या. मी शिडीचा दांडा धरून उभा.

"बसली," मॅडम हळूच म्हणाल्या. "भाई, टाच बसली."

मला इतका आनंद झाला की मी शेजारून दोन चहा मागवले आणि दोन्ही मीच प्यालो. मॅडम बूट काढायलाच तयार नव्हत्या. तशाच घरी निघाल्या. खाडखाड, खाडखाड, सगळा बाजार वळून बघायला लागला. भाजीवाल्या आजीबाईनं विचारलं, "काऊन वं बाई, पाय मोडला का?"

त्यानंतर बुलढाण्यानं मॅडमना रोज पहाटे राजूर घाटाच्या वाटेवर ते बूट घालून चालताना पाहिलं. सोल वाकत नसल्यामुळे त्यांची चाल लाकडी व्हायची. कवचाची वरची कड नडगीला घासून काळेनिळे डाग पडले. आत घाम एवढा की घरी येऊन मोजे पिळायच्या. मी दर शनिवारी सांगायचो, मॅडम, हे चालण्याचे बूट नाहीत, हे बर्फाचे आहेत, कपाटात ठेवा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "टाच तं बसली ना? मंग बाकीचं मी सोसतो."

दिवाळीच्या सुटीत त्या बीबीला गेल्या आणि वडिलांना दाखवायला म्हणून बूट सोबत नेले. इथं माझं नशीब फुटलं. माझंच म्हणतो, कारण तोवर ते बूट मला माझेच वाटायला लागले होते.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. नवा चामडी जोडा आला की त्याला तेल पाजायचं. एरंडीचं तेल कोमट करून आतून-बाहेरून चोपडायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा चोपडायचं. जोडा मऊ होतो, पाय सोलत नाही. मॅडमच्या बाबांनी उभा जन्म शेतात काढला. त्यांच्या काळात वहाणा वर्षातून एकदा व्हायच्या, त्याही झाल्या तर. मॅडम पहिल्यांदा तालुक्याला शर्यत पळाल्या तेव्हा बाबांनीच लोणारच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले होते. एक नंबर मोठे होते, म्हणून टाचेत चिंध्या कोंबून दिल्या होत्या.

बाबांनी जांभळे बूट हातात घेतले, बोटानं वाजवून पाहिले. मग लेकीच्या नडगीवरचे डाग पाहिले.  दुसऱ्या दिवशी मॅडम उठल्या तर बाबा अंगणात बसलेले, शेजारी तेलाची वाटी. बाहेरच्या कवचाला तेल पाजून झालं होतं, ते बिचारं पीत नव्हतं म्हणून अंगावर ओघळत होतं. आतले लोकरीचे बूट मात्र पोटभर प्याले होते. टिपकत होते.

"आता पाय, कसे लोन्यावानी होतेत," बाबा म्हणाले.

"मंग तुमी काय म्हनलं?" मी विचारलं. बुटांची पिशवी काउंटरवर होती आणि दुकानभर एरंडेलाचा वास सुटला होता.

"हाव म्हनलं. काय म्हनू?"

"सांगाचं ना त्यायले! तेल प्यालेली लोकर ऊब देत नाई! बर्फात पाय घातला तं थंडी थेट हाडाले लागन!"

"भाई, ते मांडी घालून बसले होते. त्यायचे गुडघे दुखते, ते मांडी घालून बसत नाई कधी. माह्या बुटासाठी बसले. कसं सांगू?"

मला भयंकर राग आला होता. दोन वर्षं शोधलेला जोड! राग कोणावर काढायचा तेही कळेना. म्हाताऱ्यावर काढता येत नव्हता, मॅडमवर काढला तर त्या आधीच रडवेल्या. मी पॉलिशचा डबा उचलून आपटला. तो माझाच डबा, नुकसान माझंच.

मॅडमनी त्या लोकरी बुटांना गरम पाणी आणि साबणाची पूड घालून किती धुणी दिली याला गणती नाही. तेल बरंचसं निघालं, पण लोकर आटली, कडक झाली आणि टाचेजवळचा फुगवटा बसून गेला. पुढच्या शनिवारी काउंटरला लाथ बसली. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मला ते वाक्य ऐकायचं नव्हतं, आणि त्यांनीही ते म्हटलं नाही. टाचेत घालायला दाबलेल्या लोकरीचे तुकडे कापून मागितले, मी कापून दिले.

जायला आठवडा राहिला तेव्हा मॅडमना भलतंच सुचलं. बूट बर्फावर तपासायचे. नांदुऱ्याला माझ्या मावसभावाचा बर्फाचा कारखाना आहे. उन्हाळ्यात रसवंतीवाले आणि लग्नवाले त्याच्या दारात रांग लावतात, हिवाळ्यात तो अर्धा बंद असतो. माझ्या बायकोला खालाकडं, म्हणजे त्याच्या आईकडं, जायचंच होतं, म्हणून आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं घाट उतरून नांदुऱ्याला गेलो. भावानं मॅडमसाठी मुद्दाम साच्यांत पाणी सोडून लाद्या धरून ठेवल्या होत्या. एक लादी जमिनीवर गोणपाटावर, दुसरी भिंतीला टेकवून उभी.

मॅडम आडव्या लादीवर उभ्या राहिल्या. आम्ही खुर्च्यांवर बसून त्यांच्याकडे बघत बसलो. बराच वेळ गेल्यावर भावानं मला हळूच विचारलं, "मॅडमले डॉक्टरनं सांगतलं का हे?"

उजवा पाय गार पडला. त्यांनी सांगितलं नाही, पण त्या वजन सारखं डाव्यावर घेत होत्या, ते मला दिसत होतं. तरी म्हणाल्या, चालते. मग बुटांच्या खाली लोखंडी दात बांधले. बर्फात रुतवायचे दात असतात ते, पुढची दोन टोकं बुटाच्या बाहेर येतात. उभ्या लादीसमोर उभं राहून त्यांनी लाथ मारली. माझ्या काउंटरला मारायच्या तशीच.

"मॅडम, बर्फ फोडाचाच असन तं टोचा देतो ना," भाऊ घाबरून म्हणाला.

दुसरी लाथ. तिसऱ्या लाथेला आवाज आला. बर्फाचा नाही. कवचाला घोट्यापासून खालपर्यंत चीर गेली होती. मॅडमनी वाकून पाहिलं, बोट घातलं, तर ते आत गेलं. प्लास्टिक म्हातारं झालं होतं. वरून चांगलं दिसत होतं, आतून केव्हाच ठिसूळ झालं होतं. तेलाचा त्यात काही दोष नव्हता. पुण्याच्या बाईनं वर्षानुवर्षं ते माळ्यावर ठेवलं असणार, तिलाही माहीत नसणार.

"बरं झालं इथंच तुटला," माझी बायको म्हणाली. "वर दोरावर तुटला असता तं?" बरोबर बोलली ती, पण त्या वेळी मला तिचाही राग आला.

मॅडम गेल्या. पुढाऱ्यानं फोनवर सांगितलं की तिथं खाली भाड्याचे बूट मिळतात, एक नंबर मोठे असतील, बघू. मी म्हटलं, जाऊ नका. डावच जायचा असेल तर जाऊ द्या, बोटं जायला नकोत. त्यांनी माझ्याकडून कापलेल्या लोकरीचे तुकडे आणखी घेतले आणि नांदुऱ्याहून रात्रीची गाडी पकडली.

पंधरवड्यानं शनिवारी दुपारी दुकानात आल्या. चेहरा उन्हानं करपलेला, ओठ फुटलेले. स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच बूट मागितले नाहीत.

"सांगा," मी म्हटलं.

"चढली थोडीशी. पह्यला टप्पा. मंग टाच वर आली का बुटाचं टोक खाली व्हाचं, अन् दात बर्फातून सुटाचे. पुन्हा माराचे, पुन्हा सुटाचे. पोटऱ्या थरथरू लागल्या. मंग दोन्ही पाय संगंच सुटले, मी दोरावर लोंबली. खाली घेतलं त्यायनं मले."

"बोटं?"

"बोटं हायेत सगळी."

"अन् पुढारी काय म्हनला?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हने, ताई, पुढच्या वर्षी बी या. खाली तंबूत सैपाकपान्यावर ध्यान ठेवाले कोनीतरी भरवशाचं मानूस लागतेच."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढाऱ्याला बोललो, बूट भाड्यानं देणाऱ्याला बोललो, त्या अरुंद पायाच्या गोऱ्या बाप्याला बोललो. मॅडम ऐकत राहिल्या. इतक्यात त्यांचा फोन वाजला. बाबांचा. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोनवर ओरडून बोलायच्या, सगळ्या दुकानाला ऐकू जायचं. त्या आधी हसल्या, आणि मग म्हणाल्या, "हाव बाबा! गेली ना! वरपर्यंत गेली! हाव, तेच बूट! लय नरम झाले होते तेलानं! पाय सोलला नाई कुठीच!"

फोन ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसत बसल्या. मी पंखा लावला. थंडीचे दिवस होते, तरी लावला. काहीतरी करायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात मॅडमनी बदली मागून घेतली, लोणार तालुक्यात, बीबीजवळ. बाबांना आता एकटं ठेवता येत नव्हतं. जाताना आल्या होत्या, पण दुकानात गर्दी होती, नीट बोलणं झालं नाही. आता शनिवारी मी पुन्हा माशा मारतो. माझा काउंटर शाबूत आहे. कोणी लाथ मारत नाही, त्याचाही आता वैताग येतो, काय सांगू.

मागच्या महिन्यात लोणारकडे एका लग्नाला गेलो होतो. परतताना बीबीला उतरलो. मॅडमचं घर विचारत गेलो तर दाराला कुलूप नव्हतं, ओट्यावर बाबा बसलेले. पांढरा सदरा, डोळे बारीक.

"जय भीम, बाबा. मी बुलढान्याचा. मॅडमच्या वळखीचा, जोड्याचं दुकान हाये माह्यं."

"जय भीम, जय भीम. तुमीच का ते भाई? बसा. पोरगी पोरीयले घेऊन सामन्याले गेली, संध्याकाळी येते."

स्वतः आत जाऊन त्यांनी चहा टाकला. मी ओट्यावर बसून होतो. चहा देऊन समोर बसले आणि कान माझ्याकडे करून म्हणाले, "मले एक सांगा. पोरगी वरपर्यंत गेली होती ना?"

"हाव बाबा," मी ओरडून सांगितलं. "वरपर्यंत."

"तुमी होते तिथं?"

"नाई. मी दुकानात होतो."

"मंग तुमाले कोनं सांगतलं?"

"मॅडमनंच."

बाबांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. "मले बी तिनंच सांगतलं," म्हणाले. "खोटं बोलाच्या आंधी ते हसते. लहानपनापासून. फोनवर बी आंधी हसली."

 चूक कोणाची नव्हती, तेलानं बूट तुटला नव्हता, बूटच म्हातारा होता, हे सगळं मला सांगायचं होतं. मी ते ओरडून सांगितलंही. बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते उठले, दाराआडून मॅडमची एक जुनी चप्पल आणली आणि पदर पसरावा तशी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. उजव्या पायाची होती.

"हे माप घ्या. तिच्या पायाचे बूट शोधा. बर्फाचे. मी हाये तोवर शोधा. मले त्यातलं कळत नाई, तुमाले कळते."

मला काही कळत नव्हतं. दोन वर्षं शिडी चढून मिळाले नव्हते ते बूट मी आता कुठून आणणार होतो? आणि आणले तरी त्या पुढाऱ्याच्या दारात कोण जाऊन उभं राहणार होतं? हे सगळं तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "शोधतो बाबा." आणि माझंच मला वाटलं, बस चुकेल, उठ.

चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून मी पिशवीत घातली. पायरी उतरल्यावर ध्यानात आलं, म्हणून मागं वळून विचारलं, "बाबा, संध्याकाळी मॅडम चप्पल शोधतीन ना! काय सांगसान त्यायले?"

बाबा आधी हसले.

"कुत्र्यानं नेली म्हनून सांगतो," म्हणाले.